हॉट टब घ्यायचाय? आधी गच्ची, पाणी आणि वीज तपासा

दिवाळी उलटली की नाशिकचा पारा उतरू लागतो. डिसेंबर-जानेवारीत शहरात पहाटेचं तापमान दहा अंशांच्या खाली जातं आणि निफाडच्या गहू संशोधन केंद्रातली नोंद तर बरेचदा राज्यातली सर्वांत कमी असते. अशा थंडीत त्र्यंबक रोडच्या किंवा गंगापूर धरणाच्या बाजूच्या एखाद्या रिसॉर्टमध्ये गरम पाण्याच्या टबात अर्धा तास बसून आलेल्या कुटुंबाला ‘आपल्याही घरी असा एक असावा’ असं वाटलं, तर नवल नाही. गंगापूर रोड, मखमलाबाद, सावरगाव, गंगाव्हरे या भागांत बंगले आणि फार्महाउस वाढत आहेत. बांधकामाच्या नकाशातच ‘इथे जकुझी’ असा चौकोन आखला जाऊ लागला आहे.

इच्छा चांगली आहे. गरम पाण्यात सांधे सैलावतात, दिवसभराचा शीण उतरतो, घरातली माणसं फोन बाजूला ठेवून एकत्र बसतात. या टबांचा उगमही दुखण्यातूनच झाला. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या जकुझी या इटालियन कुटुंबातल्या एका लहान मुलाला संधिवात होता. त्याला पाण्याचा शेक घरीच मिळावा म्हणून या पंप बनवणाऱ्या कुटुंबाने बाथटबात सोडता येणारा पंप तयार केला आणि १९५६च्या सुमारास तो बाजारात आणला. जेट आतच बसवलेला टब १९६८ मध्ये आला.

टब विकत घेणं हा या व्यवहारातला सर्वांत सोपा भाग आहे. तो वर्षानुवर्षं गरम, स्वच्छ आणि सुरक्षित ठेवणं हे खरं काम. त्यामुळे शोरूममध्ये जाऊन रंग आणि जेटची संख्या पाहण्याआधी घरची जागा, घरचं पाणी आणि घरची वीज पाहा. या तिन्हींची उत्तरं हातात असतील, तर मॉडेल निवडायला एक दुपार पुरते. ती नसतील, तर महागातला महाग टबही दोन वर्षांत ताडपत्रीखाली जातो.

कोणासाठी आणि वर्षातून किती दिवस?

पहिला प्रश्न घरातल्या माणसांचा. नाशिकच्या हवेत गरम टबाचा खरा हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. जुलै-ऑगस्टच्या पावसाळी संध्याकाळी त्यात धरल्या, तरी पाच महिन्यांच्या पुढे हिशेब जात नाही. एप्रिल-मे महिन्यात ३८ अंशांच्या पाण्यात बसायला कोणी तयार होत नाही. त्या पाच महिन्यांत शनिवार-रविवारच वापर होणार असेल, तर वर्षाचे चाळीसच दिवस भरतात. टबाची किंमत, बसवण्याचा खर्च आणि पाच वर्षांची वीज-देखभाल यांची बेरीज करून तिला पाच वर्षांतल्या वापराच्या दिवसांनी भागा. येणारा आकडा एका वेळच्या डुंबण्याचा खरा भाव. तो पाहूनही मन होकार देत असेल, तर पुढे चला.

बऱ्याच घरांत टबाचा विचार आई-वडिलांच्या गुडघ्यांसाठी होतो. इथे एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. तयार मिळणाऱ्या अॅक्रिलिक टबाची भिंत साधारण पावणेतीन-तीन फूट उंच असते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना ती ओलांडून आत उतरायचं असतं आणि बाहेर येताना ओल्या, निसरड्या पायरीवर पाय ठेवायचा असतो. म्हणजे ज्यांच्यासाठी टब आणला, तेच काठावर बसून पाहत राहतात. अशा घरी टब अर्धा जमिनीत उतरवून बसवावा, रुंद पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना पकडायला स्टीलचे दांडे लावावेत. खरेदीआधी त्या माणसाला शोरूममध्ये नेऊन कोरड्या टबात चढता-उतरता येतं का, हे पाहावं. आणि डॉक्टरांना आधी विचारावं, कारण प्रत्येक गुडघेदुखीला शेक चालतोच असं नाही.

निर्णय पक्का होत नसेल, तर एकदा थंडीत आणि एकदा पावसाळ्यात टब असलेली खोली किंवा व्हिला भाड्याने घ्या. नुसत्या गरम पाण्याची ओढ असेल, तर भिवंडी तालुक्यातलं वज्रेश्वरी किंवा चोपडा तालुक्यात अडावदजवळचं उनपदेव इथल्या कुंडांना भेट द्या. पहिल्या दिवसाचं अप्रूप ओसरल्यावर दुसऱ्या दिवशीही सगळे पुन्हा पाण्यात उतरतात का, हे नीट पाहा.

प्रकार चार, गरजा वेगळ्या

पहिला प्रकार बाथरूममधला जेटचा बाथटब. यात अडीचशे-तीनशे लिटर पाणी लागतं आणि ते प्रत्येक वापरानंतर सोडून द्यायचं असतं. दुसरा हवा भरून फुगवायचा टब. तो स्वस्त आणि हलवता येणारा, पण उष्णता लवकर गमावणारा. तिसरा अॅक्रिलिकचा तयार टब, ज्यात हीटर, पंप आणि फिल्टर आतच असतात. चौथा सिमेंट-काँक्रीटमध्ये बांधून टाइल लावलेला. तो दिसायला सुंदर, पण गळती लागली तर फरशी फोडण्याखेरीज इलाज नाही.

नाशिकच्या बहुतेक घरांना पहिला प्रकार पुरतो, असं माझं स्पष्ट मत आहे. गच्चीवर दोनशे लिटरचा सोलर वॉटर हीटर असेल आणि त्यातलं पाणी ६० अंशांवर असेल, तर २० अंशांचं थंड पाणी मिसळून ३८ अंशांचं सुमारे ४४० लिटर पाणी तयार होतं. बाथटब भरून घरातल्या आंघोळींनाही थोडं उरतं. विजेचा खर्च जवळजवळ पंपापुरता, क्लोरीनची कटकट नाही. मात्र प्रत्येक वेळी तीनशे लिटर पाणी जातं. महिन्यातून दोन-चारदा चैन म्हणून हे ठीक, रोजच्यासाठी नाही. चौघांनी एकत्र, मोकळ्या आकाशाखाली बसायचं असेल आणि घराला अंगण असेल, तरच तिसऱ्या किंवा चौथ्या प्रकाराकडे वळा.

वजन: गच्चीवर नेण्याआधी

हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. त्यात टबाचं स्वतःचं दोनशे किलो आणि चार माणसांचं अडीचशे-तीनशे किलो धरा. दोन मीटर लांब-रुंद जागेवर सुमारे दीड टन, म्हणजे दर चौरस मीटरला पावणेचारशे किलोच्या आसपास भार येतो. भारतीय मानक आयएस ८७५ नुसार वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी दर चौरस मीटरला साधारण दीडशे किलो आणि राहत्या खोल्यांसाठी दोनशे किलो भार धरून स्लॅबचं गणित केलेलं असतं. टबाचा भार गच्चीसाठी धरलेल्या भाराच्या दुपटीहून जास्त होतो.

‘आमच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहेच की’ असं उत्तर बरेचदा मिळतं. टाकी सहसा कॉलम-बीमवर किंवा जिन्याच्या माथ्यावर, त्या भाराचा विचार करून बांधलेली असते. टब ठेवायचा असतो तो मोकळ्या स्लॅबच्या मधोमध. त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनिअरला मूळ आरसीसी ड्रॉइंग दाखवा आणि त्याचं लेखी मत घ्या. ठेकेदाराने पाय आपटून ‘स्लॅब मजबूत आहे साहेब’ म्हणणं हे मत नव्हे. फ्लॅटमध्ये राहत असाल, तर गच्ची बहुधा सोसायटीची सामायिक जागा असते. सर्वसाधारण सभेची परवानगी आणि खालच्या मजल्यावर गळती झाल्यास जबाबदारी कोणाची, हे कागदावर येऊ द्या.

जमिनीवर टब ठेवायचा असेल, तरी नुसती माती चोपून चालत नाही. नाशिकच्या परिसरातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर ठेवलेला टब एका बाजूला कलतो आणि त्याच्या कवचाला तडा जातो. काळी माती काढून, मुरूम दाबून, त्यावर लोखंडी जाळीचा चार-सहा इंची काँक्रीटचा सपाट ओटा घाला.

पाणी: कुठून येतं, कसं आहे?

शहराला गंगापूर, मुकणे आणि दारणा धरणांतलं पाणी मिळतं. महापालिकेचं पाणी टबाला चांगलं. पण नव्या वस्त्यांत आणि फार्महाउसवर बोअरवेलचाच आधार असतो आणि दख्खनच्या बेसॉल्ट खडकातलं बोअरचं पाणी बरेचदा जड असतं. घरच्या गिझरचं एलिमेंट काढून पाहा. त्यावर पांढरा, खडबडीत, नखाने न निघणारा थर दिसत असेल, तर तोच थर टबाच्या हीटरवर, जेटच्या तोंडाशी आणि फिल्टरच्या घड्यांत बसणार आहे. गिझरचं एलिमेंट बदलणं सोपं. टबाचा हीटर बदलायचा म्हणजे बाहेरून माणूस बोलवावा लागतो.

पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यासाठी कठिणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे. टबालाही दीडशे ते अडीचशेच्या दरम्यानचं पाणी मानवतं. आकडा चार-पाचशेच्या घरात असेल, तर पाणी मृदू करणारं यंत्र हिशेबात धरा. हा नमुना मे महिन्यात घ्या. तेव्हा बोअरची पातळी खाली गेलेली असते आणि पाण्याची खरी परीक्षा तेव्हाच होते. मे महिन्यात तुमच्या गल्लीत टँकर येत असेल, तर मोठ्या टबाचा विचार सोडून द्या. शेजारी हंडे भरत असताना हजार लिटर पाणी गटारात सोडणं मनाला पटणारं नाही.

बेताचा वापर असेल, तर तीन-चार महिन्यांनी सगळं पाणी बदलावं लागतं. जुनं पाणी लगेच झाडांना घालू नका. क्लोरीन टाकणं थांबवून, झाकण उघडं ठेवून काही दिवस जाऊ द्या आणि चाचणीच्या पट्टीवर क्लोरीन शून्याला आल्यावर ते लॉनवर सोडा. मिठावर चालणारी शुद्धीकरण यंत्रणा असेल, तर ते पाणी द्राक्षवेलींपासून दूरच ठेवा. क्षार वेलींच्या मुळांना सोसत नाहीत.

वीज: एका अंशाचा हिशेब

हा हिशेब एकदा समजला की विक्रेत्याच्या कोणत्याही दाव्याची घरबसल्या पडताळणी करता येते. हजार लिटर पाण्याचं तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे १.१६ युनिट वीज लागते. थंडीत टाकीतलं पाणी २० अंशांवर असेल आणि ते ३८ वर न्यायचं असेल, तर अठरा अंशांसाठी सुमारे २१ युनिटं. तीन किलोवॉटचा हीटर यासाठी सात तास घेतो, दोन किलोवॉटचा दहा तासांहून जास्त. ‘आत्ता बटण दाबलं आणि अर्ध्या तासात गरम’ असं कोणी सांगत असेल, तर त्याच्यासमोर हे गणित मांडा.

पुढचा खर्च गरम ठेवण्याचा. डेमो म्हणून किंवा भाड्याने मिळालेल्या टबावर हा प्रयोग करा: रात्री पाणी ३८ अंशांवर असताना हीटर बंद करा, झाकण नीट लावा आणि सकाळी तापमान पाहा. हजार लिटरच्या टबात ते ३५ वर आलं असेल, तर एका रात्रीत सुमारे साडेतीन युनिटं हवेत गेली. या एकाच आकड्यावरून टबाच्या भिंतीतलं इन्सुलेशन आणि झाकण यांची लायकी कळते.

ही युनिटं तुमच्या नेहमीच्या वापरावर चढतात, हेही लक्षात घ्या. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे: १०० युनिटांपर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे. घरचा वापर आधीच तीनशेला टेकत असेल, तर टबाचं प्रत्येक युनिट वरच्या, महाग टप्प्यात मोजलं जाईल. दररोज पाच युनिटं धरली तरी महिन्याला दीडशे होतात. ती तुमच्या बिलातल्या सर्वांत वरच्या दराने गुणा, सरासरी दराने नाही.

खर्च आटोक्यात ठेवायचे तीन मार्ग आहेत. आठवड्यातून एकदाच वापर असेल, तर मधल्या दिवसांत हीटर बंद ठेवा, फिल्टरचा पंप मात्र रोज ठरलेला वेळ चालू द्या. वापर जवळजवळ रोजचा असेल, तर हीट पंप घ्या. तो हवेतली उष्णता पाण्यात आणतो आणि तेवढ्याच तापमानासाठी साध्या हीटरच्या निम्म्याहून कमी वीज घेतो. आणि छतावर सौरऊर्जा असेल किंवा पीएम सूर्यघर योजनेतून बसवायची असेल, तर टब त्यानंतर घ्या आणि दुपारी उन्हाच्या वेळी पाणी तापवा. तीन किलोवॉटची सौरयंत्रणा चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिटांच्या आसपास वीज देते.

बिलावरचा ‘मंजूर भार’ पाहा. टबाचा हीटर आणि पंप धरून तो ओलांडला जात असेल, तर भारवाढीचा अर्ज आधी करा. टबासाठी स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी, नीट तपासलेलं अर्थिंग आणि ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी हवाच. पाण्यात बसलेल्या माणसाचं शरीर ओलं असतं. गळती झालेला करंट क्षणात तोडणारा हा आरसीसीबी तिथे जीव वाचवतो. टबात बसून हात पोहोचेल अशा जागी कोणतंही सॉकेट किंवा बटण नको.

स्वच्छता: रोजची पाच मिनिटं

कोमट पाणी जंतूंना फार मानवतं. १९९९च्या फेब्रुवारीत नेदरलँड्समधल्या बोव्हनकार्स्पेल गावी फुलांच्या प्रदर्शनात एक हॉट टब विक्रीसाठी सुरू करून मांडला होता. त्यातून उडणाऱ्या तुषारांतून लीजनेला हा जंतू पसरला. सुमारे दोनशे लोक आजारी पडले आणि तीसच्या आसपास दगावले. टबात कोणी उतरलंही नव्हतं. लोक नुसते शेजारून गेले होते.

म्हणून टब सुरू असेपर्यंत पाण्याची चाचणी हा घरातल्या एका माणसाचा नेमच असायला हवा. चाचणीची पट्टी पाण्यात बुडवून काढायची, सांगितलेले सेकंद थांबायचं आणि डबीवरच्या रंगांशी ताडून पाहायची. मोकळं क्लोरीन किमान ३ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असावा. टबात उतरण्याआधी साध्या पाण्याने अंग धुवायचं, तेल लावून उतरायचं नाही. फिल्टर आठवड्याला धुवायचा. पाणी गढूळ दिसलं, उग्र वास आला किंवा भिंतीला बुळबुळीतपणा लागला, तर त्या दिवशी कोणीही उतरू नये. हे काम आनंदाने करणारं घरात कोणी नसेल, तर बाथटबच बरा.

जिवाची काळजी

पाणी ४० अंशांच्या वर कधीही नको. ३७-३८ पुरेसं आहे आणि एका वेळी पंधरा मिनिटं पुरेशी आहेत. हृदयविकार किंवा रक्तदाबाची औषधं चालू असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. मधुमेहात पायांची संवेदना कमी झाली असेल, तर पाणी किती गरम आहे हेच कळत नाही. द्राक्षांच्या आणि वाइनच्या या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी: टबात मद्य नको. गरम पाणी आणि मद्य दोन्ही रक्तदाब उतरवतात. उठताना चक्कर येते किंवा पाण्यातच झोप लागते.

लहान मुलं असलेल्या घरात कुलूप लागणारं झाकण ही अट समजा. पाणी ओढणाऱ्या जाळीकडेही लक्ष द्या. २००२ मध्ये अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात हॉट टबातल्या जाळीच्या ओढीने अडकून बुडाली. त्यानंतर २००७ मध्ये तिथे सुरक्षित जाळ्यांचा कायदा झाला. टबात ओढणारी तोंडं किमान दोन असावीत आणि त्यांवर फुगीर, अडकू न देणाऱ्या जाळ्या असाव्यात. जाळी तुटली तर टब त्याच क्षणी बंद.

खरेदी कधी करायची?

घर बांधत असाल, तर योग्य वेळ पाया खोदण्याआधीची. तेव्हा ओटा, ड्रेनेज, वायरिंग आणि जास्तीचा भार हे सगळं नकाशात किरकोळ खर्चात बसतं. टब नंतर आला तरी चालतो.

तयार घरासाठी वर्षाची आखणी अशी ठेवा. मे महिन्यात पाणी तपासा. पावसाळ्यात इंजिनिअरचं मत, भारवाढीचा अर्ज आणि किमान तीन कोटेशनं गोळा करा. पाऊस ओसरला की ऑक्टोबरमध्ये ओटा घाला, काँक्रीट मुरू द्या आणि दसरा-दिवाळीच्या सवलतींत टब घ्या. थंडी पडायला लागेपर्यंत तो सुरू होतो. ऐन डिसेंबरमध्ये धावपळ केली, तर ओटा कच्चा राहतो आणि हंगामही निम्मा जातो. २०२७च्या सिंहस्थामुळे शहरात बांधकामाची आणि कारागिरांची मागणी मोठी असणार आहे. काम ठरवताना तारखा लेखी घ्या.

सिंहस्थात किंवा नंतर बंगला पाहुण्यांना भाड्याने द्यायचा विचार असेल, तर हिशेबच बदलतो. रोज नवी माणसं म्हणजे रोज अनेकदा चाचणी, वारंवार पाणी बदलणं आणि सूचनांचा फलक. वीजजोडणीचा वर्ग कोणता लागेल, हेही महावितरणला आधी विचारा.

शोरूममध्ये काय पाहायचं?

रिकामा टब पाहून पैसे देऊ नका. ‘पाणी भरून चालू करून दाखवा’ म्हणा, शक्य असेल तर आत बसा. जेटचा मारा पाठीवर नेमका कुठे लागतो, दोन माणसं समोरासमोर बसल्यावर पाय अडतात का, पंपाचा आवाज किती, हे बसल्याशिवाय कळत नाही. मग खाली वाकून सर्व्हिस पॅनेल उघडायला सांगा. आत पाइप नीट क्लॅम्पने बांधलेले आहेत का, पंपापर्यंत हात सहज जातो का, भिंतीला फोम आहे की मोकळी पोकळी, पंपाच्या पाटीवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ लिहिलंय का, हे पाहा. परदेशातून आलेले काही टब ६० हर्ट्झचे असतात. झाकण स्वतः उचलून बघा. रोज एकट्याला उचलता येणार नसेल, तर ते रोज लागणारही नाही.

दुरुस्तीचा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा. साधा पंप बिघडला, तर अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीच्या परिसरात मोटर रिवाइंड करणारे हुशार कारागीर मिळतात. पण सर्किट बोर्ड, हीटर, सील हे सुटे भाग विक्रेत्याकडेच असतात. ते कुठून आणि किती दिवसांत येतील? मेकॅनिक नाशिकचा आहे की मुंबई-पुण्याहून येणार? त्याच्या येण्याचे पैसे वॉरंटीत आहेत का? कवच, पंप आणि बोर्ड यांची वॉरंटी वेगवेगळी असते, ती वेगवेगळी लिहून घ्या. याच विक्रेत्याकडून किमान दोन वर्षांपूर्वी टब घेतलेल्या गिऱ्हाइकाशी बोला.

टब घरात कसा येणार, हेही मोजा. आडवा करून आणला, तरी गेट तीन-सव्वातीन फूट रुंद हवं. वरून विजेच्या तारा जात असतील, तर हायड्रा क्रेनने उचलताना अडचण येते. पंचवटीसारख्या जुन्या भागातल्या बोळांत हायड्रा शिरणारच नाही. पैसे टप्प्यांत द्या: थोडी आगाऊ रक्कम, टब पोहोचल्यावर मोठा हिस्सा आणि पाणी भरून दोन दिवस गळती नाही हे पाहिल्यावर उरलेले.

आता निर्णयाची सोपी कसोटी. स्लॅबबद्दल इंजिनिअरचं लेखी मत होकारार्थी आहे, मे महिन्यातही पाणी पुरतं, वरच्या टप्प्याचं वीजबिल झेपतं आणि रोज पट्टी बुडवून पाहणारं माणूस घरात आहे: ही चारही उत्तरं ‘हो’ असतील, तर मोठा टब निश्चिंत मनाने घ्या, तो तुमच्या घराला खरं सुख देईल. एकही उत्तर ‘नाही’ असेल, तर सोलर हीटर आणि चांगला खोल बाथटब घ्या. आणि दोन उत्तरं ‘नाही’ असतील, तर ते पैसे बँकेत राहू द्या आणि दर हिवाळ्यात चार दिवस रिसॉर्टमध्ये जाऊन मनसोक्त डुंबून या.